कुठलं प्रेशर?

"काय चारावर आणलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"प्रेशर," वाफेवाली म्हणाली. "तुम्हीच सांगितलं होतंत ना, एकदम नको, हळूहळू खाली आणा. अकरावर होतं. दर आठवड्याला एकेक करत आणलं चारावर. त्याच्या खाली ते जातच नाही, मी करून बघितलं."

हे सांगताना तिला शाबासकीची अपेक्षा होती, हे आधीच सांगून ठेवतो. नवऱ्याचं सकाळी मोजलेलं बीपी वाढलंय असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा तिला वाटलं होतं, त्यांच्याच मोजण्यात काहीतरी गडबड असणार. तिच्याकडून काही चुकलं असेल असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

डॉक्टरांनी हातातला कागद टेबलावर ठेवला. चष्मा काढला. "वहिनी, कुठलं प्रेशर?"

"कुठलं म्हणजे? झोपेच्या मशीनचं."

डॉक्टरांनी चष्मा कागदावर ठेवला. बाहेर कोणाचं तरी मूल इंजेक्शनच्या भीतीने भोकाड पसरून रडत होतं, तेवढाच आवाज. मग ते अगदी हळू म्हणाले, "मी रक्ताचं म्हणत होतो."

वाफेवालीला आधी समजलंच नाही. मग समजलं.

तिला वाफेवाली म्हणत, कारण घराच्या पुढच्या खोलीत तिचं वाफेच्या इस्त्रीचं दुकान होतं. कोट, पडदे, लग्नाचे कपडे, सगळं तिच्याकडे येई. बाई हुशार, हाताला वळण, आणि तोंडाला त्याहून जास्त. कापडाला नुसता हात लावून ती सांगायची, याला किती वाफ चालेल आणि कुठे ते आकसेल. मागच्या खोलीत तिचा नवरा दुपारभर झोपायचा, कारण तो रात्रीची लांब पल्ल्याची बस चालवायचा. संध्याकाळी निघायचा, सकाळी दुसऱ्या गावाहून परत यायचा, जेवून आडवा व्हायचा. झोपला की घोरायचा, आणि तेही असं की गिऱ्हाईकं विचारायची, "वहिनी, मागे काही मोटार वगैरे बसवलीय का?" ती म्हणायची, "हो ना, बंदच होत नाही मेली."

पण ती अधूनमधून बंद पडायची, हीच तर भानगड होती. घोरता घोरता श्वासच थांबायचा. मग धडपडून, गुदमरून तो उठायचा, आणि दिवसभर डोळ्यांत झोप. शेवटी त्याची झोपेची तपासणी झाली आणि घरात ते मशीन आलं. एक खोकं, त्याला पाण्याची डबी, लांब नळी, आणि नळीच्या टोकाला नाकावर बसवायचा मास्क.

मशीनवाला घरी येऊन सगळं समजावून गेला. "हे बघा, झोपेत यांचा घसा मिटतो. मशीन हवा आत ढकलत राहतं, म्हणून तो उघडा राहतो. किती जोराने ढकलायची, ते हे प्रेशर. अकरा. तपासणीत मोजून काढलेला आकडा आहे. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय याला हात लावायचा नाही. आणि हा हवेतला ओलावा. हा तुम्ही सोयीने कमी-जास्त करा, त्यात काही बिघडत नाही." प्रेशर बसवताना त्याने दोन बटणं एकदम दाबून धरली. वाफेवालीने ते बघून ठेवलं. तिची नजरच तशी होती, दुसऱ्याचं काम चाललेलं असलं की तिचे डोळे त्याच्या बोटांवर.

पहिल्याच आठवड्यात नवरा दुपारी ओरडत उठला, "अगं मी बुडालो!" मास्कमध्ये पाणी होतं. नळीत पाणी गुडगुडत होतं. नाकातोंडात पाणी गेलेला, केस विस्कटलेले, मास्क कपाळावर, अशा अवतारात तो पलंगावर बसलेला पाहून ती आधी पोट धरून हसली. मग तिने नळीला हात लावला. नळी गार होती. खोलीत पंखा जोरात, आणि पलीकडे खोक्यातून गरम दमट हवा येतेय. अहो, वाफेला गार नळी लागली की पाणी होणारच, हे वाफेवालीला कोणी शिकवायला हवं? तिने ओलावा सहावरून तीनवर आणला, पंख्याची दिशा बदलली, नळीवर जुन्या स्वेटरची बाही चढवली. पाणी बंद. दोन दिवसांनी त्याचं नाक कोरडं पडायला लागलं, तेव्हा ओलावा चारावर नेला. नाकही सुधारलं. मशीनवाल्याने फोनवर ऐकलं आणि म्हणाला, "वहिनी, आता तुम्हीच आमच्याकडे कामाला या." झालं. बाईंचे पाय जमिनीवरून सुटले ते तेव्हा.

पुढच्या तपासणीला ती मशीनची पिशवीसुद्धा डॉक्टरांकडे घेऊन गेली. नवऱ्याला दुपारची झोप मोडायची नव्हती, म्हणून तो सकाळीच तपासून गेला होता, आणि संध्याकाळी गोळ्या समजून घ्यायला ती एकटीच आली होती. डॉक्टर वयस्क, जुन्या वळणाचे. त्यांनी पिशवीवर हात ठेवला आणि म्हणाले, "वापरतायत ना हे? उत्तम. आता आपल्याला प्रेशर खाली आणायचं. एकदम नको, हळूहळू. मीठ कमी करा, या गोळ्या चालू करा, आणि मला तीन महिन्यांनी दाखवा."

आता तुम्ही म्हणाल, एवढंसं तिला कळू नये? पण वाफेवालीच्या घरात रक्ताच्या दाबाला बीपीच म्हणत. तिच्या आईचं बीपी, शेजारणीचं बीपी, सगळ्या जगाचं बीपी. प्रेशर हा शब्द त्या घरात आला तोच मशीनबरोबर. मशीनवाला बजावून गेला होता की डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि आता तर डॉक्टरांनी पिशवीवर हात ठेवून सांगितलं. तिला शंका यायला जागाच नव्हती.

तिने नवऱ्याला सांगितलं नाही. तो मशीनला घाबरायचा. आकडा बदलला म्हटल्यावर डोक्याला हात लावून बसला असता. म्हणून तो अंघोळीला गेला की ती दोन बटणं दाबायची आणि एक आकडा खाली आणायची. आणि काय सांगू, सगळं कसं छान होत गेलं! मास्कच्या कडेने हवा फुसफुसायची, ते थांबलं. नाकावरचे लाल वळ गेले. खोक्याचा आवाज कमी झाला. तो स्वतः म्हणाला, "हल्ली अगदी हलकं वाटतं, तोंडावर काही आहे असं वाटतच नाही." कसं वाटणार? आत काही येतच नव्हतं.

मग घोरणं परत सुरू झालं. तिला पुढच्या खोलीत इस्त्रीच्या फुसकाऱ्यांतून ते ऐकू यायचं, आणि ती गिऱ्हाइकाला म्हणायची, "आता कशी गाढ झोप लागते बघा बिचाऱ्याला." तो बस घेऊन निघताना जांभया द्यायचा, जेवताना त्याचा घास हातातच राहायचा, एकदा तर तो बुटाची नाडी बांधता बांधता पेंगला. तिने सगळा दोष नव्या गोळ्यांना दिला. आज त्या गोळ्या बदलून घ्यायच्या म्हणूनच ती आली होती.

"चारावर म्हणजे नसल्यासारखंच," डॉक्टर सांगत होते. "हवा जाते, पण मिटलेला घसा तेवढ्याने उघडत नाही. श्वास पुन्हा थांबत असणार, प्रत्येक झोपेत, कितीतरी वेळा. झोपच होत नाही त्यांची. बीपी वाढलं तेही त्यानेच." त्यांनी डोळे चोळले. "चूक माझीही आहे. मी नीट बोलायला हवं होतं. मशीन परत अकरावर करून घ्या, आजच. आणि काही दिवस त्यांना गाडीवर जाऊ देऊ नका."

"आज..." ती म्हणाली आणि तिने घड्याळाकडे बघितलं.

"आज काय?"

"ते गेलेत डेपोत. आता सुटेल बस."

डॉक्टर उभे राहिले. ते उभे राहिले हे बघूनच ती जास्त घाबरली. इतक्या वर्षांत ते कोणासाठी खुर्चीतून उठलेले तिने पाहिले नव्हते.

तिने फोन लावला. नवरा ड्यूटीवर चढला की फोन बंद करून पिशवीत टाकायचा, शिस्तीचा माणूस. कंडक्टरला लावला. वाजत राहिला. मग ती निघालीच. डेपो दोन रस्ते पलीकडे होता. रंगाच्या दुकानासमोर शिडी आडवी होती, ती ओलांडली. शाळेच्या भिंतीला लागून सायकली लावल्या होत्या, तिचा पदर एका हँडलला अडकला, तो तिने खस्सकन ओढला. फाटला तर फाटला. एरवी कापडाला चुणी पडली तरी जीव कासावीस होणारी बाई ही.

धावता धावता डोकं मात्र आपलं काम करत होतं. खरं सांगितलं तर काय होईल? डेपोतल्या साहेबांच्या कानावर गेलं की यांना झोपेचा त्रास आहे, तर चौकशी, तपासण्या, लायसन अडकणार. आयुष्यात त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही करायचंही नव्हतं. बसबद्दल बोलताना त्याचा चेहरा उजळायचा. आणि हे सगळं झालं कोणामुळे, तर तिच्यामुळे, हेही चार लोकांत उघडं पडणार. मग तिने ठरवलं, खोटं बोलायचं. माझ्या पोटात कळ आलीय म्हणायचं, घरी न्यायचं, दार लावून मग सांगायचं काय ते. तिला जरा धीर आला.

डेपोत बस फलाटाला लागलेली होती. इंजिन चालू. माणसं चढून बसली होती, कोणी वर सामान रचत होतं, एक म्हातारे गृहस्थ खिडकी उघडायची खटपट करत होते. नवरा आपल्या जागेवर बसला होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

"अहो!" तिने खालून काचेवर थाप मारली.

त्याने दचकून मान वळवली. इतका दचकला की तिला कळलं, तो जागा नव्हता. डोळे उघडे होते, पण माणूस जागा नव्हता.

"काय गं? दुकान पेटलं की काय?"

"खाली उतरा. माझ्या पोटात दुखतंय. फार दुखतंय."

तो बघत राहिला. पळत आलेली, घामाघूम बायको, आणि म्हणे पोटात दुखतंय. "अगं मग डॉक्टरांकडून आलीस ना आत्ता? सुटायची वेळ झाली. शेजारच्या वहिनींना घेऊन परत जा. मी पोचलो की फोन करतो." आणि त्याने दाराचं बटण दाबलं. दार फिस्स करून मिटलं. बस हलायला लागली.

वाफेवाली बससमोर जाऊन उभी राहिली.

ब्रेक लागला. आतली माणसं पुढे ढकलली गेली, कोणीतरी शिवी दिली. डेपोचा नियंत्रक आपल्या काचेच्या खोलीतून धावत आला, "बाई, वेड लागलंय का? मरायचंय?"

"मला नाही," ती म्हणाली, आणि मग जे कधीच बोलायचं नाही असं ठरवलं होतं ते तिच्या तोंडून मोठ्याने बाहेर पडलं. "यांना स्टिअरिंगवर झोप लागते. यांना गाडी चालवू देऊ नका."

इंजिन तेवढं धडधडत होतं. नवरा खाली उतरला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण तो घाबरून नव्हे, रागाने. "साहेब, हिचं काही ऐकू नका. हिला बरं नाहीये. मला काही झोप लागत नाही. विचारा याला." त्याने कंडक्टरकडे बोट दाखवलं.

कंडक्टर पायरीवर उभा होता. त्याची आणि ड्रायव्हरची कितीतरी वर्षांची जोडी. त्याने आधी ड्रायव्हरकडे बघितलं, मग वाफेवालीकडे, मग आपल्या बुटांकडे.

"दादा," तो म्हणाला, "तुम्ही नेहमी म्हणता ना, हल्ली तू फार बडबडायला लागलास. मी रात्रभर बडबडतो, ते काय हौस म्हणून? परवा पुलाच्या अलीकडे स्टिअरिंग मी धरलं होतं. तुम्हाला वाटलं, खड्डा आला."

पूल! वाफेवाली त्या पुलावरून गेली होती, नवरा-बायको दोघं, एकदा, लग्नानंतर. खाली पाणी किती खोल होतं ते तिला आठवलं. त्या रात्री आपण घरी काय करत होतो? आपण आकडा चारावर आणला म्हणून खूश होतो.

नियंत्रकाने फार बोलणं लावलं नाही. त्याने फोन करून विश्रांतीच्या खोलीतल्या दुसऱ्या ड्रायव्हरला तयार व्हायला सांगितलं, आणि या दोघांना आपल्या काचेच्या खोलीतल्या बाकावर बसवलं. "इथे बसा. पाणी प्या. काय ते मग बघू." कंडक्टर दारापर्यंत आला आणि वाफेवालीला म्हणाला, "वहिनी, मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं." आणि मान खाली घालून गेला.

बाकावर बसून तिने त्याला सगळं सांगितलं. डॉक्टर, पिशवी, दोन बटणं, अकरा, चार. काही लपवलं नाही. तो समोरच्या भिंतीकडे बघत ऐकत होता. तिला वाटलं, आता भडकेल, आणि भडकावं असंही वाटलं, कारण तिची तीच लायकी होती.

तो भडकला, पण निराळ्याच गोष्टीवर. "मशीनचं जाऊ दे. चुकलं, चुकलं. मशीनवाला येईल, आकडा फिरवेल. पण मला झोप लागते हे साफ खोटंय. कंडक्टरला मिरवायची हौस. मी आजवर एक मांजर गाडीखाली येऊ दिलं नाही. आणि तू, माझी बायको, येऊन गाडीपुढे उभी राहतेस, सगळ्या डेपोसमोर, पॅसेंजरांसमोर, ओरडतेस, आणि माझी इतक्या वर्षांची..."

तो थांबला. तिला वाटलं, गळा दाटून आला. तिने मान वर करून बघितलं नाही, तिची हिंमतच झाली नाही.

मग तिला ते ऐकू आलं. घोरणं. इतक्या जवळून, इस्त्रीचा आवाज मध्ये नसताना, तिने ते कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. त्याची मान मागे भिंतीला टेकली होती, एक हात अजून बोलताना उचललेला तसाच अर्धवट मांडीवर पडला होता. एक घोरणं, दुसरं, तिसरं. आणि मग काहीच नाही.

छाती हलत होती, पोट आत-बाहेर होत होतं, पण हवा जात नव्हती. ओठ मिटलेले. वाफेवालीने त्याच्या नाकाखाली बोटं धरली. तिच्या बोटांना काहीच लागलं नाही. ती वाट बघत राहिली. ही गाढ झोप? ही ती गाढ झोप, जिचं कौतुक ती गिऱ्हाइकांना सांगत होती? तिला ओरडायचं होतं, हलवायचं होतं, पण हात उचलवेना. नियंत्रक फोन हातात धरून तिच्याकडे बघत होता. शेवटी नवऱ्याच्या घशातून एक भयंकर घरघर निघाली, अंग हिसडलं, श्वास आत गेला. आणि लगेच पुन्हा घोरणं. पुन्हा थांबणं. तो जागा मात्र झाला नाही. ती त्याच्या शेजारी बसून प्रत्येक श्वासाची वाट बघत राहिली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसायचं तिला सुचलं नाही.

बाहेर दुसरा ड्रायव्हर आला. त्याने आरसा नीट केला, सीट मागे घेतली. म्हाताऱ्या गृहस्थांची खिडकी उघडली होती, त्यांनी हात बाहेर काढून कोणाला तरी निरोप दिला. बस हलली, वळली, फाटकातून बाहेर पडली, आणि तिचा आवाज रस्त्याच्या आवाजात मिसळून गेला. फलाटावर झाडूवाला आला आणि कागद गोळा करायला लागला.

बऱ्याच वेळाने नवऱ्याने एक मोठा आचका दिला आणि डोळे उघडले.

"...अब्रू घालवलीस," तो म्हणाला. आवाज तितकाच चढलेला, बोट तसंच तिच्यावर रोखलेलं. "समजलं? आता मी साहेबांना सांगतो आणि गाडी घेऊन निघतो. माणसं खोळंबलीत बाहेर."

नियंत्रकाने वाफेवालीकडे बघितलं.

तो उठला, शर्ट खाली ओढला, दारापाशी गेला आणि तिथेच थांबला. समोर फलाट रिकामा होता. झाडूवाल्याने त्याच्याकडे बघितलं आणि झाडणं चालू ठेवलं.

"गाडी कुठाय?" त्याने विचारलं.

"गेली," नियंत्रक म्हणाला. "आता घाट चढायला लागली असेल."

तो वळला. त्याने बायकोच्या ओल्या चेहऱ्याकडे बघितलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, पुन्हा रिकाम्या फलाटाकडे.

"मी तर बोलत होतो," तो म्हणाला. "मी आत्ता, या क्षणी, तुझ्याशी बोलत होतो ना गं?"